पैकीच्या पैकी

आमच्या शेजाऱ्याइतका हजेरीचा पक्का माणूस अख्ख्या अमेरिकेत शोधून सापडायचा नाही. अमुक वर्षांत एक दांडी मारली नाही अशी बढाई पुष्कळ लोक मारतात. माझा एक मावसभाऊ नागपूरला बँकेत आहे, त्याने लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी मस्टरवर सही केली आणि मग मांडवात पाय ठेवला, हे तो अजून आल्या-गेल्याला ऐकवतो. पण ह्या गृहस्थाने अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळताना एकही मॅच चुकवली नव्हती. आणि हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धडकायचा तो. त्यातही ह्याच्या वाट्याला आलेलं काम सगळ्यांत भिकार. बॉल फेकणारा हिरो मागे ऐटीत उभा असतो, आणि त्याला लोळवायला समोरून रेड्यासारखी माणसं धावून येतात. त्यांच्या आणि हिरोच्या मध्ये पाच जण भिंत करून उभे राहतात, त्या पाचांतला हा एक. ह्याने बॉलला हात लावायचा नाही, पळायचं नाही, टाळ्यांची अपेक्षा करायची नाही. मार खायचा आणि जागचं हलायचं नाही, एवढंच. अकरा वर्षांत टीव्हीवर त्याचं नाव घेतलं गेलं ते फक्त त्याची चूक झाली तेव्हा. हे त्यानेच मला सांगितलं आणि मला ते चटकन कळलं, कारण मी आयटीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे, म्हणजे चालू सिस्टिम बंद पडू न देणं हे माझं काम. सर्व्हर चालू असतो तोवर मी जिवंत आहे हे माझ्या मॅनेजरच्या गावीही नसतं.

आम्ही ह्या कॅरी नावाच्या गावात राहायला आलो त्या दिवशी आमचा सोफा दारात अडकला. सामान आणणारी दोन पोरं, मी, आणि आतून सूचना देणारी माझी बायको, असे चौघं अर्धा तास झगडत होतो. बायको पुण्याची, त्यामुळे सूचना भरपूर होत्या. एवढ्यात शेजारच्या घरातून एक पहाड लंगडत लंगडत आला. लोक एका पायाने लंगडतात. हा दोन्ही पायांनी लंगडायचा. त्याने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, सोफ्याखाली खांदा घातला आणि एक हुंकार देऊन तो आत ढकलला. सोफा आत गेला, दाराची चौकट थोडी बाहेर आली. मी हात मिळवला तर त्याची बोटं आल्याच्या तुकड्यासारखी, प्रत्येक पेर वेगळ्या दिशेला. "लागलं का हो कुठे?" मी विचारलं. "आय ॲम गुड," तो म्हणाला, आणि पाठीला हात लावून तसाच वाकडा वाकडा घरी गेला. तो अर्थातच इंग्रजीत बोलायचा, पण इतक्या वर्षांत मला त्याचं बोलणं मराठीतच आठवायला लागलंय, तेव्हा तसंच सांगतो. फक्त हे "आय ॲम गुड" त्याच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या भाषेत येणं शक्य नाही. छपराची पन्हळ साफ करताना शिडीवरून पडला, तेव्हा आय ॲम गुड. मधमाश्यांनी तोंड सुजवलं, डोळे दिसेनात, तरी आय ॲम गुड. "हा माणूस सरणावरून उठून बसेल आणि म्हणेल, आय ॲम गुड," असं माझी बायको म्हणायची.

आमच्या मुलीला आम्ही त्याला काका म्हणायला लावलं. "बट डॅड, ही इज नॉट इव्हन इंडियन," ती कुरकुरली. पण त्याला मात्र ते फार आवडलं. त्याचं म्हणणं, कोच त्याला नंबराने हाक मारायचा, बायको आडनावाने मारायची आणि नंतर तीही मारेनाशी झाली. ती केव्हाच सोडून गेली होती. "तिचं बरोबर होतं," एवढंच तो म्हणायचा. एक मुलगी होती, ती मिनेसोटात. घरात हा एकटा, आणि एवढ्या मोठ्या घरात त्याच्या मापाची खुर्ची एकच. दुसऱ्या तीन त्याने बसून मोडल्या होत्या.

मैदान सुटलं तरी हजेरीचं वेड काही सुटलं नव्हतं. त्याने ते कचऱ्याच्या डब्यांवर काढलं. आमच्याकडे कचऱ्याची गाडी गुरुवारी येते, डबे सकाळी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे असतात. हा पठ्ठ्या गुरुवारी उजाडताच आमच्या गल्लीतल्या नऊच्या नऊ घरांचे डबे ओढून रांगेत लावायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आभारही मानत नव्हतं. डब्यांची तोंडं एका दिशेला, मधलं अंतर सारखं. एकदा बर्फ पडून सगळं कॅरी बंद होतं, गाडी येणार नाही असं बातम्यांत दहादा सांगितलं होतं, तरी हा डबे घेऊन बर्फात उभा. "अहो, गाडी येणार नाही," मी खिडकीतून ओरडलो. "ते त्यांचं काम," तो म्हणाला, "हे माझं." मी खिडकी लावून घेतली आणि लॅपटॉप उघडला, कारण बर्फाने माझं ऑफिस बंद पडत नाही.

त्याच्या टीमने त्याला काय दिलं म्हणाल, तर वाढदिवसाचं कार्ड. दर वर्षी न चुकता यायचं, खाली सही छापलेली. एका वर्षी त्यावर दुसऱ्याच खेळाडूचा फोटो होता. मी भडकलो. मी म्हटलं, फोन करा, झाडा एकेकाला. तो शांतपणे म्हणाला, "हा पण चांगला माणूस होता." दिवाणखान्यात त्याच्या कारकिर्दीचा म्हणून एकच फोटो होता. एका मासिकाचं मुखपृष्ठ, त्यावर हात उंचावलेला तो बॉल फेकणारा हिरो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कौतुकाने विचारलं, "हे तुम्ही?" त्याने आपलं वाकडं बोट फोटोच्या डाव्या कडेवर टेकवलं. तिथे मातीने भरलेलं काहीतरी होतं. "हे माझं कोपर," तो म्हणाला. आणि असा अभिमानाने म्हणाला की हसू आलं ते मी गिळलं. आजही तो फोटो आठवला की माझी चिडचिड होते. त्या हिरोच्या नावाने हॉटेलं निघाली, जाहिरातींत तो अजून दात दाखवतो. आणि ज्याच्यामुळे त्याचे दात शाबूत राहिले, त्याचं काय, तर कोपर.

मग हळूहळू भलतंच सुरू झालं. एका मंगळवारी सकाळी बघतो तर नऊ घरांचे डबे रस्त्यावर. लोकांना वाटलं गंमत. पुढच्या आठवड्यात सोमवारी. आमच्या वसाहतीची एक समिती आहे, एचओए म्हणतात तिला, तिचं काम म्हणजे गवत किती वाढलं ते बघून पत्रं पाठवणं. तिने त्याला पत्र पाठवलं. इतकी वर्षं डबे लावत होता तेव्हा ह्यांना कागद मिळाला नव्हता! मग एकदा तो आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी कशाला आलो होतो?" मी म्हटलं, "चहाला." दुसरं काय म्हणणार? चहा पिऊन गेला. मग त्याच्या स्वयंपाकघरातून धूर आला, गॅसवर अंडी विसरला होता. त्याच्या मुलीला मी फोन केला. ती विमानाने आली, दोन दिवस राहिली, रडली आणि स्पष्टच बोलली: घरात कोणीतरी मदतनीस राहिला तर बाबा इथे राहू शकतील, नाहीतर मी त्यांना मिनेसोटाला माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तो खाली मान घालून ऐकत होता. ती गेल्यावर मला म्हणाला, "मला इथेच राहायचंय. तिथे मी कोणाचे डबे लावणार?" डबे तिथे नसतातच हे सांगायचा मला धीर झाला नाही.

मदतनीस मिळायची एक वाट होती. जुन्या खेळाडूंसाठी कसलीशी योजना होती, खेळताना डोक्याला मार बसून ज्यांची स्मरणशक्ती गेली त्यांच्या घरी ती दिवसभराचा माणूस ठेवायची. अर्जासोबत दुखापतींची नोंद मागितली होती. आणि इथेच गंमत झाली, गंमत कसली, थट्टा झाली. टीमच्या दप्तरात ह्याच्या नावावर दुखापतच नव्हती. अकरा वर्षांत एक ओळ नाही. बोट मोडलं की शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधायचा आणि डॉक्टरला सांगायचा, दारात सापडलं. डोकं आपटून समोरचं सगळं दुहेरी दिसायला लागलं, तर दोघांतल्या डावीकडच्याला अडवायचा. दुखापत सांगितली की बाहेर बसवतात, आणि बाहेर बसला की दुसरा येऊन उभा राहतो. मला हे काही नवीन नाही. व्हिसावर होतो तेव्हा ताप अंगात घेऊन मी रोज सकाळच्या मीटिंगला हजर असायचो, कॅमेरा बंद करून. मी कुठल्या तोंडाने त्याला शहाणपण शिकवणार?

राहता राहिली ती स्मरणशक्तीची परीक्षा. योजनेने नेमलेल्या डॉक्टरकडे जाऊन ती द्यायची होती. एका संध्याकाळी तो मागच्या वर्षीचा तपासणीचा कागद घेऊन आला. "ही टेस्ट फार महत्त्वाची आहे असं मुलगी म्हणाली," तो म्हणाला. "नीट झाली तर मला घरी राहता येईल. गेल्या वर्षी फार वाईट झाली होती." आणि माझ्या अंगात माझा बाप संचारला. वडील नागपुरात दहावीच्या मुलांचे क्लास घ्यायचे. दगडालाही पास करतात अशी त्यांची ख्याती होती. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका हातात आहे, पुढ्यात नापास झालेला विद्यार्थी आहे, आणि पंधरा दिवस हाताशी आहेत, म्हटल्यावर नागपूरचा माणूस दुसरं काय करणार? मी त्याची तयारी करून घ्यायला लागलो.

पेपर तसा सोपा. पाच शब्द ऐकायचे आणि थोड्या वेळाने परत सांगायचे: शिडी, कांदा, घंटा, नदी, पिवळा. शंभरातून सात सात वजा करत जायचं. घड्याळ काढून दोन वाजून पाच मिनिटं दाखवायची. पण ह्याच्या डोक्यात काही ठरेना. खुर्चीत बसवून शब्द सांगितले की कांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. चौथ्या दिवशी वैतागून म्हणाला, "मी आयुष्यात बसून काही शिकलो नाही." मग मी त्याला घरासमोर गाडी लावायच्या जागेत, ड्राइव्हवेवर नेलं. तो मैदानात उभा राहायचा तसा वाकला, एक हात जमिनीला टेकलेला, आणि प्रत्येक शब्दाला एक पाऊल. शिडी, डावा पाय. कांदा, उजवा. घंटा, हात वर. नदी, खांदा पुढे. पिवळा म्हटलं की जोरात धडक, समोर त्याचाच डबा. रोज संध्याकाळी ऑफिस उरकून मी शिट्टी घेऊन उभा आणि हा साठीचा पहाड "नाइंटी-थ्री, एटी-सिक्स, सेव्हंटी-नाइन" असं गर्जत पुढे सरकतोय. एचओएचं आणखी एक पत्र आलं. दहाव्या दिवशी पहिल्यांदा सगळं बरोबर आलं. मी टाळी दिली आणि म्हटलं, "पैकीच्या पैकी!" त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. त्याला तो शब्द इतका आवडला की रोज सगळं म्हणून झालं की मान वर करून विचारायचा, "पैकीच्या पैकी?" त्याचं ते मराठी ऐकून माझी मुलगी लोळून हसायची. खरं सांगतो, ह्या देशात येऊन इतक्या वर्षांत मला एवढं उपयोगी पडल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

परीक्षेला तीन दिवस होते. माझी बायको इथल्या औषध कंपनीत आहे, असले कागद ती रोज वाचते. तिने जेवणाच्या टेबलावर पडलेलं योजनेचं पत्र उचललं, चष्मा लावला आणि दुसऱ्या पानावर तिचा चेहरा बदलला.

"काय शिकवतोयस तू त्यांना?"

"सगळं तोंडपाठ झालंय," मी छाती काढून म्हणालो.

"अरे, अक्कल गहाण टाकलीयेस का? ज्याला आठवत नाही त्याला मदत मिळणार आहे. हा नापास व्हायचा पेपर आहे!"

मी पत्र हातात घेतलं. दिवसभर मी लोकांच्या सिस्टिममधल्या चुका शोधतो, आणि दोन पानांचं पत्र मी उलटून बघितलं नव्हतं. परीक्षा म्हटलं की मार्क मिळवायचे, ह्यापलीकडे माझं डोकं कधी गेलंच नाही.

तसाच उठून त्याच्याकडे गेलो. तो व्हरांड्यात त्याच्या एकमेव खुर्चीत बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, चुका, विसरा, घड्याळाला एकच काटा काढा. त्याने बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला रोवले. मग म्हणाला, "म्हणजे मुद्दाम मागे सरायचं?"

"घरासाठी," मी म्हणालो.

"अकरा वर्षांत मी एकदाही मुद्दाम मागे सरलो नाही. लोकांनी ढकललं तेव्हा सरलो असेन."

"हे शेवटचं. एकदाच."

त्याने समोर त्याच्या डब्यांकडे बघितलं. ते तेवढ्यापुरते जागेवर होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "शिडी सांगतो. बाकीचे चार विसरतो." आणि हात पुढे केला. त्या हातात हात देताना मला लाज वाटली. एवढ्या जन्मात त्याच्याकडे एकच गोष्ट शाबूत होती आणि तीच मी मागून घेतली होती.

परीक्षेच्या दिवशी मी सिक लीव्ह टाकली, नोकरी लागल्यापासूनची पहिली. गाडीत पुन्हा एकदा आठवण करून द्यायची असं ठरवलं होतं. पण कॉलनीतून बाहेर पडतो न पडतो तोच मॅनेजरचा फोन. कुठलीतरी सिस्टिम बसली होती, पंधरा जण कॉलवर, आणि माझ्याशिवाय कोणाला काही माहीत नाही. मी सुट्टीवर आहे म्हणून फोन ठेवायला हवा होता. नाही ठेवला. चाळीस मिनिटं मी गाडी चालवत बोलत होतो आणि हा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होता. दवाखाना आला, नर्सने त्याला आत नेलं, तेव्हाही माझ्या कानात तो कॉल सुरूच होता. मी त्याला फक्त अंगठा दाखवला.

थोड्या वेळाने बंद दाराआडून "सेव्हंटी-टू! सिक्स्टी-फाइव्ह!" अशी गर्जना ऐकू आली. नर्स "सर, प्लीज बसा" म्हणत होती. मग दार उघडलं. डॉक्टर हसत बाहेर आले आणि म्हणाले, "कमाल आहे, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी सुधारणा. एकही चूक नाही." त्यांच्यामागून हा आला, दोन्ही हात वर करून, त्या मासिकावरच्या हिरोसारखा. "पैकीच्या पैकी!" तो म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, एक क्षण, एकच क्षण, माझीही छाती फुगली. बापाचा विद्यार्थी पहिला आल्यासारखी.

गाडीत बसल्यावर मी फुटलो. "काय ठरलं होतं आपलं?"

"काय ठरलं होतं?"

"चार शब्द विसरायचे! व्हरांड्यात! हात मिळवला होता आपण!"

त्याने माझ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती, अडून बसणं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "केव्हा?" तो म्हणाला. आणि माझा सगळा राग जागच्या जागी गोठला. तो विसरला होता. पाच शब्द त्याच्या हाडांत मी इतके पक्के बसवले होते की ते राहिले, आणि चुकायचंय ही गोष्ट तेवढी पुसली गेली. माणसाची आठवण गेलीय ह्याचा ह्याहून मोठा पुरावा काय हवा? पण तो माझ्या गाडीत बसला होता, आणि डॉक्टरच्या कागदावर पैकीच्या पैकी होते. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही, तुमचं नाही."

अर्ज नामंजूर झाला. पत्रात त्याचं अभिनंदनही केलं होतं. त्याच्या मुलीने भांडून बघितलं, मी डॉक्टरांना सगळी हकीकत सविस्तर लिहून पाठवली, तर उत्तर आलं की फेरपरीक्षा वर्षाने. तेवढ्यात गॅस पुन्हा एकदा तसाच राहिला. मुलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पानं गळायला लागली तेव्हा ती त्याला न्यायला आली. दिवस गुरुवार नव्हता, पण त्याने सकाळी नऊ घरांचे डबे रांगेत लावून ठेवले होते आणि कोणीही, एचओएसुद्धा, काही बोललं नाही. जाताना त्याने ते मुखपृष्ठ माझ्या हातात दिलं. "कोपर सांभाळ," म्हणाला. मी विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" आता काय उत्तर येणार हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेच आलं.

आता गुरुवारी डबे मी लावतो. अंतर सारखं येत नाही, आणि नवव्या घरातली बाई मला कचरा कंपनीचा माणूस समजते. सिक लीव्ह मी आता वापरतो, लहानसहान सर्दीलाही. मॅनेजर कुरकुरतो, कुरकुरू दे.

मागच्या रविवारी त्याच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावून दिला. ती आधीच म्हणाली होती, माणसं ओळखत नाहीत आता, मनाला लावून घेऊ नका. तो खिडकीशी बसला होता, खुर्ची त्याच्या मापाची होती, तेवढं बघून बरं वाटलं. मी माझं नाव सांगितलं. काही नाही. कॅरी म्हटलं, डबे म्हटलं, माझी मुलगी पुढे येऊन "काका" म्हणाली. तो पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसला. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "शिडी."

त्याचा डावा पाय हलला. "कांदा," तो म्हणाला. उजवा हलला. "घंटा. नदी." मग खांदा पुढे करून, अगदी स्पष्ट, "पिवळा." आणि मान वर करून तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघत.

मी म्हटलं, "पैकीच्या पैकी."